म्हसोबाचा तांबडा ठिपका

माझी सारी नोकरी मोजणीखात्यात गेली. भूकरमापक, म्हणजे लोकांची शेतं मोजून हद्द दाखवणारा माणूस. श्रीरामपूरकडच्या उसाच्या रानापासून मिरजगावच्या माळापर्यंत मी इतके बांध तुडवलेत, की बांध कुठं वाकलाय ते पाहून भावाभावांचं भांडण किती जुनं आहे हे सांगू शकतो. साखळी ओढली, फळीवर नकाशे काढले, शेवटी शेवटी यंत्रंही वापरली. त्यामुळं निवृत्त होऊन गावी राहायला आलो आणि सरपंच म्हणाले, "गावाचा डिजिटल नकाशा करायचाय, तुमी जरा हात लावा," तेव्हा मला हसू आलं. मोबाईलवर लग्नपत्रिका होते, नकाशा कसला होतोय, असं मी त्यांना तोंडावर म्हणालो.

सरपंच मात्र गंभीर होते. आमचं गाव नगरच्या इतकं जवळ, की शहर आता अंगावर येऊन बसलंय. डोंगराच्या पायथ्याला जिथं बोरीबाभळी होत्या तिथं प्लॉटिंगचे पांढरे दगड रोवलेत. त्यांचं म्हणणं असं, की गावात जुनंपुरानं काय काय आहे ते आधी नकाशावर घेऊ, मग त्यावर बघून रस्ता, टाकी, शाळेच्या नव्या खोल्या कुठं करायच्या ते ठरवू. नाहीतर एक दिवस जेसीबी येईल आणि काय गेलं तेही कळायचं नाही. माणूस शहाणं बोलत होता, त्यामुळं मी फार वेळ कुरकुर करू शकलो नाही.

नकाशाचं काम बघायला नगरहून एक मॅडम येत. वास्तुरचनेचं शिकलेल्या, पस्तिशीच्या, उन्हातान्हाला न कंटाळणाऱ्या. त्या मला काका म्हणत आणि मी सांगितलेलं निम्मंच ऐकत. त्यांनी पहिल्या दिवशी ड्रोन उडवला. माझ्या डोक्यावरून ते यंत्र भुर्रकन गेलं आणि जे गावठाण मोजायला आम्हाला पंधरा-पंधरा दिवस लागत, ते चहा व्हायच्या आत त्यांच्या लॅपटॉपवर आलं. पोटात जळलं, खोटं कशाला सांगू. बायको म्हणाली, "नोकरी सुटली पण मोजणी काही सुटत नाही तुमची. जित्याची खोड." दुसऱ्या दिवशी मी मॅडमच्या आधी चावडीवर जाऊन उभा राहिलो.

काम सोपं होतं. जुनी जागा दिसली की तिथं उभं राहून मोबाईलवर ठिपका द्यायचा, फोटो काढायचा आणि प्रकार निवडायचा. देवस्थान, विहीर, झाड, जुनं बांधकाम, असे प्रकार होते आणि एका ठिपक्याला एकच प्रकार घेता येई. देवाचा ठिपका तांबडा, पाण्याचा निळा, बाकीचे कुठले कुठले. आम्ही दोघं गल्लीबोळ पालथे घालत होतो. वेताळ झाला, सटवाई झाली, शाळेमागचा एक फुटका दगडी खांब झाला. माझ्या शेताच्या कोपऱ्यातला म्हसोबाही झाला. तो आमच्या घरचा. माझ्या आईनं त्याला शेंदूर लावलेला, आणि मी आजारातून उठलो तेव्हा त्याला नारळ फोडलेला. दर अमावस्येला आमच्या घरून त्याला नैवेद्य जातो.

त्याच्या पलीकडं, माझ्या शेताला लागून, पीर. पीराची सगळी देखभाल चाचीकडं. सारं गाव तिला चाचीच म्हणतं. सत्तरी ओलांडलेली, नवरा जाऊन खूप वर्षं झालेली, पोरबाळ नाही. पीराला खेटून तिची पत्र्याची एक खोली. ती पीराची चादर बदलते, ऊद जाळते, अंगण झाडते. गुरुवारी बाया खोकल्यानं हैराण झालेली लेकरं घेऊन येतात, कारण पीराच्या डोक्याशी एक भोक आहे आणि त्यातून गार हवा येते. पीर फुंकर घालतो, असं म्हणतात. त्यात हिंदू कोण न् मुसलमान कोण हे कधी कुणी बघितलं नाही. माझीही दोन्ही लेकरं तिथं बसून गेलीत.

चाचीच्या खोलीचा कागद मात्र कुठंच नव्हता. जुन्या दप्तरात तिथं नुसतं 'पीर' लिहिलेलं. पीर आहे म्हणून त्याची झाडलोट करणारं माणूस आहे, आणि माणूस आहे म्हणून खोली, एवढाच तिचा पुरावा.

आठेक दिवसांनी मॅडमनी आमच्या ओसरीवर लॅपटॉप उघडला आणि पडदा माझ्याकडं वळवला. मग म्हणाल्या, "काका, हे बघा." डोंगराच्या पायथ्यापासून गावातून खाली शहराकडं एका रांगेत सहा ठिपके होते. वेताळ, सटवाई, फुटका खांब, म्हसोबा, पीर आणि वेशीबाहेरची मरीआई. फूटपट्टी ठेवून काढल्यासारखी रांग. मी आयुष्यभर या गावात येऊन-जाऊन होतो. ही रांग मला कधी दिसली नाही, कारण मी कायम एकेका देवाला वळसा घालून चाललो होतो. आमच्या खात्यात रीतच तशी. देव आला की खूण करायची आणि बाजूनं मोजत पुढं जायचं. शेंदराखाली काय आहे ते कुणी मोजणीवाला खरवडून बघत नाही.

फुटका खांब कुणाचाच देव नव्हता. मॅडमनी मोबाईलची बत्ती लावली, सुतळीला बांधून तो खांबाच्या पोकळीत सोडला आणि वर ओढून आम्ही चित्रण पाहिलं. खाली दगडी कडेचं भुयार आणि त्यात भाजलेल्या मातीचा, माझ्या मांडीएवढा जाड नळ. खापरी नळ. निजामशाहीत डोंगराच्या झऱ्यांचं पाणी असल्या नळांनी नगरला नेलं होतं, हे नगरच्या माणसाला सांगावं लागत नाही. पण तो आपल्या पायाखालून जातो हे आम्हाला ठाऊक नव्हतं. आणि त्या नळातली हवा बाहेर पडावी म्हणून ठरावीक अंतरावर बांधलेले पोकळ खांब, म्हणजे उच्छ्वास, ते आमचे देव होते. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही भरून आलं. एवढी मोठी गोष्ट सापडली होती, आणि सापडताना मी तिथं होतो.

त्या आनंदातच मी माती खाल्ली.

मॅडम नगरला गेल्या आणि जाताना म्हणाल्या, "काका, त्या रांगेतल्या जागांचे प्रकार एकदा तपासून दुरुस्त करा. तुमच्याइतकी खात्री कुणाची नाही." मी फुशारलो. चष्मा लावून बसलो. मोजणीवाल्याला जे आहे ते लिहायची सवय, मनाला वाटतं ते नाही. वेताळाचा तांबडा ठिपका पुसला, निळा केला. प्रकार, जुनी जलवाहिनी. सटवाई निळी. मरीआई निळी. फुटका खांब निळा. पीर निळा. मग म्हसोबापाशी आलो आणि हात थांबला. आई आठवली. मी स्वतःला म्हटलं, याची खात्री अजून करायची आहे, हा राहू दे. आणि तो तांबडाच ठेवला.

आता रस्त्याचं सांगतो, म्हणजे मी काय केलं ते कळेल. हायवेपासून शाळेपर्यंत मोठा रस्ता हवा होता. जुना बोळ इतका अरुंद, की एका बाळंतिणीला न्यायला आलेली रुग्णवाहिका तोंडाशीच अडकली आणि बाईला खाटेवर घालून न्यावं लागलं. सरपंचांच्या मनाला ते फार लागलं होतं. नव्या रस्त्याला दोनच वाटा होत्या. एक सरळ, चाचीच्या खोलीवरून आणि पीरावरून. दुसरी थोडी वळसा घेऊन माझ्या शेताच्या कोपऱ्यातून, म्हसोबाला खेटून, आणि तिथं त्याला धक्का लागणार असंच सगळे धरून चालले होते. दोन्हीकडं देव, म्हणून आराखडा अडकला होता. देवावरून रस्ता नेता येत नाही, नळावर फरशी टाकून नेता येतो. मी पीराचा ठिपका निळा केला आणि एका बाजूचा अडथळा दूर झाला. माझ्या बाजूचा तसाच राहिला.

हे मला तेव्हा ठाऊक होतं का? पुष्कळ दिवस मी स्वतःला सांगत होतो की नव्हतं. होतं. सगळं ठाऊक होतं.

नकाशा मोठ्या फ्लेक्सवर छापून ग्रामपंचायतीच्या भिंतीला लावला. ज्याची हरकत असेल त्यानं ग्रामसभेत सांगावी, अशी खाली ओळ. सरळ रस्त्याची जाड काळी रेघ चाचीच्या खोलीवरून गेलेली. सरपंचांना मी विचारलं, चाचीचं काय? ते म्हणाले, "तिला घरकुलात बसवू वो, मी सोता बघतो. आता तिथं पीर न्हाई म्हनल्यावर रस्ता सरळच घेतला पायजे का न्हाई? तुमीच तर सिद्ध केलं." वाईट हेतू त्यांचा नव्हता. पण घरकुल कधी, कुठं आणि कोणत्या कागदावर, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं आणि मलाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी चाची आमच्या दारात आली. या वयात भर उन्हात चालत आली होती. बायकोनं पाणी दिलं, ते ती प्यायली, आणि माझ्याकडं वळली.

"भाऊ, मला वाचता येत न्हाई. पर त्या भितीवरचं चित्र मी लई येळ बघितलं. एका रांगंत सहा ठिपके हायेत. पाच निळे, एक तांबडा. ती बाई म्हनत हुती तांबडा म्हंजी देव, निळा म्हंजी पानी. व्हय ना?"

"व्हय," मी म्हणालो.

"मग माझा पीर पुसला तो कुनी पुसला?"

"मी."

"अन् तुमचा म्हसोबा कसा राहिला?"

मी काहीतरी बोललो. खात्री, तपासणी, दुसरी फेरी. मोजणी खात्यात चाळीस वर्षं काढलेल्या माणसाला असले शब्द शोधावे लागत नाहीत. चाचीनं ते सगळं ऐकून घेतलं. मग ती जे बोलली ते मी विसरू म्हटलं तरी विसरणार नाही.

"तिथं कुनी पुरलेलं न्हाई, हे मला लगीन होऊन आले तवापास्नं म्हायती हाय. नुसता उघडा खांब हुता तो. पोरं आत दगडं टाकायची, वाकून वाकून बघायची. एक पोरगं वाकता वाकता आत पडता पडता वाचलं. मग माझ्या सासूनं वर चादर घातली. भिताड घातलं तर लोकं पाडत्यात, चादरीवर कुनी दगूड टाकत न्हाई. तुमच्या आईनं त्याच दिसात तुमच्या शेतातल्या खांबाला शेंदूर लावला. दोगी मिळून गेल्या हुत्या. तुमच्या आईनं तुमाला सांगितलं न्हाई?"

नाही सांगितलं. किंवा मी कधी विचारलं नाही.

मी मूर्खासारखं म्हटलं, "म्हणजे पीर खोटाच की, चाची."

"खोटा कसा? इतकी वर्सं लोकं लेकरं घेऊन येत्यात, बरी करून नेत्यात. देव काय हाडातच असतो व्हय? पर ते जाऊ द्या. पीर हाय तवर मी हाय. एवढंच मला कळतं." एवढं बोलून ती उठली. ती रडलीही नाही आणि माझ्यावर चिडलीही नाही. चिडली असती तर मला बरं वाटलं असतं.

ती गेल्यावर बायको भांडी घासायला बसली. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, बायको भांडी किती आपटते यावरून मला दिवसाचा रंग कळतो. शेवटी तिनं तोंड उघडलं. "आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. लोकांच्या हद्दी दाखवत फिरलात जन्मभर." मी म्हटलं, शेताचा कोपरा जाईल. ती म्हणाली, "मला काय सांगता? त्या कोपऱ्यात काय पिकतं? कुसळं."

ग्रामसभेला मॅडम आल्या होत्या. शाळेच्या पटांगणात सतरंज्या टाकलेल्या, पुरुष पुढं, बाया लिंबाखाली. चाची आली नव्हती. सरपंचांनी काळ्या रेघेवर काठी ठेवून रस्ता समजावला, बाळंतिणीची गोष्ट सांगितली, माना हलल्या. कुणाची हरकत आहे का, असं त्यांनी विचारलं. मी उभा राहिलो. चाळीस वर्षं मी दुसऱ्याच्या शेतात उभं राहून 'हद्द इथं आहे' असं ठणकावून सांगितलं होतं. आता स्वतःच्या शेताबद्दल सांगायचं होतं.

"नकाशात चूक आहे," मी म्हणालो. "आणि ती मी केलीय. म्हसोबाही उच्छ्वासच आहे. पीर आहे तसाच, वेताळ आहे तसाच. मी दुसऱ्यांचे देव पुसले आणि माझा ठेवला."

पटांगणात कुजबुज झाली. मागून कुणीतरी म्हणालं, "आता म्हसोबाला बी पाईप म्हनता काय?" त्यात राग होता आणि मला तो राग समजत होता. माझ्या पोटातही तोच होता. मी म्हटलं, "पाईप आहे आणि म्हसोबाही आहे. माझी आई तिथं नैवेद्य ठेवायची, तो पाईपला ठेवत नव्हती. पण मग पीरालाही तोच न्याय लावा. दोघांनाही देव म्हणा, नाहीतर दोघांनाही पाणी. एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरं, असं मोजणीत चालत नाही."

मग मॅडम उठल्या. म्हणाल्या, चूक एकट्या काकांची नाही, फॉर्मच चुकीचा होता. एका जागेला एकच प्रकार, हे त्यांनी नगरला टेबलाशी बसून ठरवलं होतं. आता प्रत्येक ठिपक्याला दोन ओळी राहतील. बांधकाम काय, आणि गाव त्याला काय मानतं. पाच ठिपके अर्धे निळे, अर्धे तांबडे, आणि फुटका खांब तेवढा नुसता निळा.

"ते समदं ठीक हाय," सरपंच म्हणाले, "पर मग रस्ता कुठनं?" त्यांचा प्रश्न बरोबर होता. बाळंतीण काही अर्ध्या तांबड्या ठिपक्यावरून जाणार नव्हती.

मी म्हटलं, "माझ्या कोपऱ्यातून. म्हसोबा आणि पीर यांच्या मधून नेमकी रुंदी बसते. म्हसोबाला धक्का लागत नाही, पीराला नाही आणि खालच्या नळालाही नाही. आज सकाळी साखळी टाकून बघितलंय मी." ड्रोनवर विश्वास नव्हता म्हणून नाही. हातानं मोजल्याशिवाय मला बोलण्याचं बळ येईना, म्हणून.

सरपंचांनी काठी खाली ठेवली. "लेखी देता?" म्हणाले. दिलं, तिथंच, सगळ्यांसमोर. त्यांनी वहीत ठराव लिहिला. त्यातच मॅडमनी एक वाक्य घालायला लावलं, की पीराशेजारची खोली आणि तिथं राहणाऱ्या बाईचं नाव नकाशात आणि ग्रामपंचायतीच्या दप्तरात घ्यायचं. हात वर झाले. सगळे नाही झाले, पण पुरेसे झाले. म्हसोबाला पाईप म्हटलं म्हणून आमच्या भावकीतले दोघं अजून माझ्याशी बोलत नाहीत. बोलतील कधीतरी.

सभा उठल्यावर मी थेट चाचीकडं गेलो. वाटलं होतं, तिला कुणीतरी आधीच सांगितलं असेल. कुणी सांगितलं नव्हतं. ती खोलीबाहेर एका पत्र्याच्या पेटीवर बसली होती. शेजारी मोठं गाठोडं, त्याच्या बाजूला घागर, घागरीत दोन पातेली. खोलीचं दार सताड उघडं आणि आत झाडून घेतलेली मोकळी जमीन. पीरावर मात्र नवी कोरी चादर घातलेली.

"चाची, हे काय?" मी विचारलं.

"सभा झाली ना? म्हनलं, कुनी यायच्या आत आपनच निघालेलं बरं. भाचीकडं जाईन, राहुरीला. ती ठिवते का न्हाई ते बघू."

मी तिला सगळं सांगितलं. रस्ता माझ्या शेतातून जाईल, पीर राहील, खोली राहील, दप्तरात तिचं नाव येईल. तिनं दोनदा विचारलं, "माझं नाव? का नुसतं पीर?" मी म्हटलं, "तुमचं. माझ्यासमोर लिहिलंय." मला वाटलं आता ती दुवा देईल, हात जोडेल, आणि तसं झालं तर मी कुठं तोंड लपवू हे मला कळेना. तिनं तसलं काही केलं नाही.

"मग बसा," ती म्हणाली. "घर हाय म्हनल्यावर चहा घेतल्याबिगर कसं जाल."

स्टोव्ह, चहाचा डबा, कपबशा, सगळं त्या गाठोड्यात होतं. ती सोडायला लागली, तिला जमेना. मग मीही बसलो खाली. आम्ही दोघं नखं लावून, दात लावून ओढत होतो. बाईनं गाठी अशा मारल्या होत्या, की त्या पुन्हा कधी सोडायच्याच नाहीत.